आमच्या कोयत्याची वेबसाईट

(शांताबाई, लोहारकाम, तिसगावजवळ, तालुका पाथर्डी. त्या बोलल्या तसं.)

बसा ताई, त्या पोत्यावर बसा, खाली नका बसू, लोखंडाचा कीस आसतो, साडीला धरला की निघत न्हाई. माझं म्हनाल तर मी मूळची कर्जतकडची, बाप लोहार, आजा लोहार, हितं तिसगावला दिली ती बी लोहाराच्याच घरी, दुसरीकडं कोन देनार. लगीन ठरवायला आले तवा सासऱ्यानं आदी माझं दंड बघितलं, तोंड नंतर बघितलं. खोटं न्हाई सांगत. म्हनला, घन उचलशील का गं? मी म्हनले, उचलीन की, कुनाच्या डोक्यात घालायचाय? बाप माझ्याकडं असा बघाया लागला की आता मोडतंय लगीन, पन सासरा लई हसला, म्हनला हीच पायजे आमाला. अशी मी पयल्यापासून तोंडाळ, तुमी वाईट वाटून घेऊ नका.

लोकांला वाटतं लोहार म्हंजी गडी. गडी बसून आसतो ओ, ऐरनीम्होरं बसतो, सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, हिकडं फिरव तिकडं फिरव, आन् घन कोन मारतं तर बाई मारती, उभी ऱ्हाऊन. मी पोटुशी आसताना बी मारलाय, बाळंतपनातनं उठून बी मारलाय. हा दंड बघा, हात लावून बघा, लाजू नका. आमच्या मालकाचा बी येवढा न्हाई. ते हळू मानूस, दिसभरात चार शब्द बोलतील तर शपथ, समदं बोलायचं काम बी माझ्याकडं आन् घन बी माझ्याकडं.

तुमी कोयत्याचं इचारायला आला, सांगते की समदं, पन मला काय पायजे ते आदीच सांगते, मी मनात ठेवत न्हाई. मला ती वेबसाईट बंद करायची हाय. आमचीच. व्हय, आमची वेबसाईट हाय, हसू नका, ह्या पत्र्याच्या छपराची वेबसाईट हाय, आन् ती काय केल्या बंद हुईना. तुमी शिकल्या सवरल्या, तुमच्या वळखीत कोन आसंल म्हनून मी तुमाला बसा म्हनले, न्हाईतर आजकाल मी कुनासंगं बोलत न्हाई.

तर कोयता. आमच्या ह्या भागात पानी न्हाई, दसरा झाला की निम्मी गावं उठून ऊसतोडीला जात्यात, कारखान्याकडं. नवराबायकोच्या जोडीला तिकडं एक कोयताच म्हनत्यात, मुकादम इचारतो किती कोयते हायेत तुझ्याकडं, म्हंजी किती जोड्या. आन् त्या जोडीच्या हातातला कोयता आमचा. गनपती बसलं की आमची भट्टी जी पेटायची ती दसऱ्यापतुर, ट्रकाच्या कमानीचा पाटा आनायचा, तापवायचा, मी मारायची, मालक वळवायचं, मग तापलं पातं पान्यात बुडवून पानी द्यायचं, मग बाभळीची मूठ. मूठ अशीच न्हाई बसवत, मानूस म्होरं उभा पायजे. सासरा म्हनायचा, हात दाव. हात बघायचा, बोटं बघायचा, डावरा हाय का बघायचा, बाईचा आसंल तर मूठ बारीक आन् पातं हलकं, कारन तिला वाकून वाकून बुडातून तोडायचं आसतं, दिवसभर. वरसाच्या वरसाला तीच मानसं यायची, ह्या साली अंग उतरलं का चढलं ते मला त्यांच्या मुठीवरनं कळायचं.

आन् धार आमी लावत न्हवतो. हे नीट ऐका ताई, ह्याच्यातच समदं हाय. पातं पातळ करून, पानी देऊन द्यायचो, पन धार न्हाई. कारन काय, ही मानसं जायची कशात, तर टेम्पोत, टायलीत, भांडी, गोधड्या, कोंबड्या आन् वर लेकरं, एकावर एक. त्यात धारेचा कोयता कुठं ठेवनार. म्हनून फडात गेल्यावर ज्यानं त्यानं आपल्या कानशीनं धार लावायची, रोज सकाळी लावायची, ती त्याच्या हाताची धार. सासऱ्याला कुनी म्हनलं की आबा लावूनच द्या की, तर म्हातारा अंगावर यायचा, म्हनायचा तुला घाई कशाची झाली? ऊस उभा हाय अजून. बाकी कशाला म्हातारा रागवत न्हवता, पन ह्याला रागवायचा.

पुढं ऊसतोडीची मशीन आली. ती काय आमच्या डोळ्यादेखत एका दिवसात न्हाई आली, पन दर साली टोळ्या कमी. आन् ज्या जायच्या त्या हार्डवेअरच्या दुकानातला तयार कोयता घ्यायच्या, चकचकीत, एका मापाचा. आमच्याकडं यायची ती म्हातारी खोडं, त्यांची सवय म्हनून. आमचा दत्तू, येकुलता येक, बारावी झाला आन् कॉम्प्युटरचं कायतरी केलं आन् नगरला कंपनीत लागला, हेल्पर. तिथं काय, काँट्रॅक्ट संपलं की घरी बस, बोलावलं की जा. एक दिवस आला, पिशवी टाकली आन् म्हनला आये, मी न्हाई जानार आता, आपलाच धंदा करू. काय सांगू तुमाला, मला वाटलं माझ्या पोटात कुनी गूळ ठेवला. ज्याचं पोरगं त्याच्या भट्टीवर बसतं त्याला काय पायजे आनखी? मालकानं त्या दिवशी जेवताना दोनदा भाकरी मागून घेतली.

पाथर्डीला कसलंतरी शिबीर हुतं, बारक्या धंदेवाल्यांसाठी, दत्तू मला घिऊन गेल्ता. म्हनला, धंद्याची मालकीन तू हायेस, तू ऐक. एक साहेब आल्ता, टाय लावून, उन्हाळ्याचं. त्यानं पडद्यावर दावलं, वेबसाईटीचे फायदे. म्हनला तुमचं दुकान रातंदिन उघडं ऱ्हातं, तुमी झोपला तरी उघडं. गिऱ्हाईक कुठलंबी येतं, तुमाला त्याचं तोंडबी बघायला लागत न्हाई. तुमचं नाव समद्या जगात जातं. आन् एकदा केली की ती तिथंच ऱ्हाती, दुकानाला कुलूप लावायचं कामच न्हाई. मी शेजारच्या पापडवाल्या बाईला म्हनले, ह्या मेल्याच्या बायकोला इचारलं पायजे, हा घरी तरी झोपतो का. ती बी हसली. पन खरं सांगू का, मला बी ते पटलं. साहेबाचं एक बी खोटं निघालं न्हाई ताई, त्यानं सांगितले तेवढे समदे फायदे मला मिळाले.

मग नगरचा एक पोरगा गाठला, वेबसाईटा बनवायचा, त्याचं बारकं दुकान हुतं, लई गोड बोलायचा, मावशी मावशी करायचा. म्हनला, एकदम जास्त वरसांचं भाडं भरा, मग सवलत. भरलं. तो हितं आला, फोटो काढायला. मालकाला म्हनला, काका, कोयता असा वर धरा आन् हसा. हे मानूस लग्नात हसलं न्हाई! मी मागनं म्हनले, हसा की, न्हाईतर लोक म्हनतील लोहारनीनं मारलं. तवा हसलं. तो फोटो लागला पयल्या पानावर, खाली गावाचं नाव, आमचं नाव, आन् फोन नंबर कुनाचा, तर माझा. दत्तू म्हनला, आये तूच बोलशील गिऱ्हाईकाशी, तुला जमतं.

आन् यायला लागल्या की ऑर्डरी. पुन्याच्या, ममईच्या, कुठल्या कुठल्या. पयली आली तवा मी घनाला हळदकुंकू लावलं. श्रावन चालू, ऊस न्हाई, सीझन न्हाई, टोळी हलायला दोन अडीच म्हैने, आन् आमची भट्टी पेटलेली. गावात लोक इचारायला लागले, काय शांताबाई, आवंदा लवकर? मी म्हनायची, आमचं दुकान आता बारा म्हैने उघडं. मालक एकदा म्हनलं, पुन्यात ऊस कुठंय गं? तेवढंच म्हनलं. दत्तू म्हनला बाबा, फार्महाऊसा आसत्यात, नारळ आसत्यात, झाडं छाटायची आसत्यात, लोक शोभेला बी घेत्यात. आमाला काय म्हाईत. आमच्या घरात कोयता म्हंजी ऊस, कोयत्यानं दुसरं काय करत्यात ते आमच्या डोस्क्यात कधी आलंच न्हाई. पेपरात येतं म्हनं पुन्याचं, पोरं हातात कोयते घिऊन फिरत्यात, पन आमच्यात पेपर कोन वाचतं.

मग ते चांदन्यांचं झालं. वेबसाईटीवर गिऱ्हाईक चांदन्या देतं, पाच दिल्या की चांगलं. एकानं एकच दिली आन् खाली लिहिलं, कोयत्याला धारच नाही, फसवणूक आहे. दुसऱ्यानं बी तसंच. दत्तूच्या जेवनावरनं मन उडालं. दिसभर मोबाईल बघायचा आन् म्हनायचा आये, आपल्याला फसवे म्हनत्यात. मी म्हनले, त्याला सांग कानस घे आन् लाव, तुला हात न्हाईत का. तो म्हनला, त्यांच्याकडं कानस नसती आये, त्यांला डबा उघडला की वापरायला पायजे. आन् गेला की नगरला, बिजलीवरचा ग्राइंडर घिऊन आला. आमचं भांडन झालं, मोठं झालं, म्हातारा जिता आसता तर त्यानं ग्राइंडर हिरीत टाकला आसता. मालक मधी बसून हुतं, मी म्हनले बोला की काहीतरी, तर म्हनलं, त्याचा धंदा हाय आता, त्याला करू दे. झालं. मी बी गप बसले. पोरगं परत नगरला जाईल हे भ्याव हुतं ना पोटात. धार लागायला लागली, त्या वेबसाईटवाल्या पोराला बोलावून नवा फोटो काढून लावला, पात्याची कड अशी चमकती की डोळं दिपत्यात, आन् त्याच्यामागं मालकाचं हसरं तोंड, ह्या टायमाला बी मीच हसवलेलं. चांदन्या पाचच्या पाच.

दोघं जन आले एक दिवस, साध्या कपड्यात, मला वाटलं गिऱ्हाईक. मी चहा ठेवला बाई, दूध घालून. मग त्यातल्या एकानं मोबाईलात फोटो दावला, आमची निशानी, पात्यावर मुठीपाशी आमी एक बारीक फूल उठवतो, सासऱ्याच्या बापापास्नंचं. म्हनला, हे तुमचंच का? मी म्हनले व्हय, आमचंच, दुसऱ्याचं आसूच शकत न्हाई. छाती फुगवून म्हनले. तवा तो म्हनला आमी पोलीस हाओत. पुन्यात गाडी लावन्यावरनं भांडनं झाली, पोरापोरांची, गॅसच्या टाक्या पोचवनारा एक पोरगा हुता, तो सोडवायला मधी पडला, त्यानं हात आडवा घातला. उजवा हात. तो जगलाय, पन हात गेल्यात जमा हाय. मारनाऱ्यानं आमच्या वेबसाईटीवरनं मागवला हुता, तीन दिवसांपूर्वीच पोचला हुता, पार्सलाचा कागद बी तसाच हुता त्याच्या घरात. पत्ता शोधायला काय लागलं, म्हनला, तुमचं नाव गाव समदं वर हायेच की.

दत्तूला जबाबाला नेलं. मारलं बिरलं न्हाई कुनी, खोटं कशाला बोलू, नीट वागवलं, मोबाईल ठिवून घेतला, दुसऱ्या दिवशी सोडला. पन आला तो दत्तू न्हवता. भट्टीकडं पाठ करून बसायचा. एक दिवस म्हनला, आये, मी पार्सल बांधताना त्याच्यावर लिहिलं हुतं, धन्यवाद, परत भेट द्या. आन् रडला, लहान पोरावानी रडला. मला घन मारता येतो, रडत्या पोराला काय सांगायचं ते येत न्हाई. म्हैन्याभरात तो देवळाली प्रवरेकडं निघून गेला. कशावर गेला आसंल? ऊसतोडीच्या मशीनीवर, हेल्पर म्हनून. म्हनतो, मशीनीला मूठ न्हाई, बरं हाय. दिवाळीला आल्ता, एक रात ऱ्हायला, भट्टीकडं बघितलं बी न्हाई. तो आता हितं बसनार न्हाई ताई, मी आई हाय, मला कळतं. भट्टी आमी पेटवत न्हाई. मालक सकाळी उठून ऐरनीवरची राख झटकत्यात आन् परत येऊन आंथरुनावर पडत्यात.

पन दुकान उघडंच. फोन यायचे. रातच्याला बी यायचे. पोरं बोलायची, हिंदीत बी, आंटी, धारवाला हाय क्या. मी आशा शिव्या दिल्यात, तुमच्याम्होरं सांगता यायच्या न्हाईत. तर एक दिवस असाच फोन वाजला, मी तोंड उघडायच्या आत तिकडनं बाईचा आवाज आला, म्हनली, मावशी, मी त्या पोराची आई बोलती. कुठल्या पोराची ते तिनं सांगितलं न्हाई आन् मला इचारावं लागलं न्हाई.

मला वाटलं आता ही शिव्या देनार, देऊ दे, मी ऐकनार हुते. पन ती दमानं बोलली. म्हनली, मावशी, मी बी बीडकडची, मी बी ऊस तोडलाय, आठ म्हैन्याची पोटुशी आसताना तोडलाय, तुमचा फोटो बघितला आन् मला कळलं कोयता उसाचाच हाय, चांगला हाय, हलका दिसतो. आमी पुन्याला कशाला आलो सांगू का, माझ्या लेकाच्या हातात कोयता येऊ नये म्हनून आलो. आन् मग इचारलं, धार कुनी लावली हुती मावशी? उसाच्या कोयत्याला लोहार धार लावत न्हाई ना? ताई, तिला म्हाईत हुतं. पुन्याच्या पोलिसाला म्हाईत न्हवतं, शिबिरातल्या साहेबाला म्हाईत न्हवतं, तिला म्हाईत हुतं. मी म्हनले, आमीच लावली गं बाई, आमच्याच घरात.

ती म्हनली, माझं एकच काम करा. तो फोटो काढा. पोरगं दिसभर खाटंवर पडून तुमची वेबसाईट उघडतो, डाव्या हातानं मोबाईल धरतो आन् तेवढाच फोटो बघत बसतो, कोयता आन् त्या मानसाचं हसनं. जेव म्हनलं तर जेवत न्हाई, डाव्या हातानं कशाला जेवू म्हनतो. मोबाईल काढून घेतला तर डोकं आपटतो. तुमी तिकडनं काढला तर त्याला दिसायचा न्हाई. मी म्हनले, काढते बाई, आजच काढते.

आन् न्हाई निघत ओ. दत्तूला फोन केला, तो म्हनला, पासवर्ड त्या नगरच्या पोराकडं, समदं त्याच्याच नावावर. मी मालकाला घिऊन नगरला गेले, तर त्याच्या दुकानाच्या जागी वडापाव. फोन लागत न्हाई, कुनी म्हनतं बेंगलोरला गेला, कुनी म्हनतं दुबईला. दुसऱ्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेले, तो म्हनला मावशी, ज्यानं केली त्यालाच बंद करता येती, नायतर भरलेली मुदत संपूस्तर थांबा, मग आपसूक जाईल. मी म्हनले, कवा संपंल? त्यानं बघितलं आन् सांगितलं, अजून कैक वरसं. आमीच सवलत घेतली हुती ना. पोलिसांला बी जाऊन म्हनले, तर म्हनले, बाई, केस चालू हाय, ते आमच्या कामाचं हाय, ऱ्हाऊ द्या. नंबर बदलावा म्हनलं तर तिचा फोन कुठं येनार? म्हनून नंबर बी ठिवलाय.

ती करती फोन. आठ पंधरा दिवसांनी, सांजच्याला, कामावरनं आली की. शिव्या न्हाई, भांडन न्हाई, इचारती फक्त, मावशी, काढला का? आन् मी म्हनते, काढते बाई, चालू हाय काम. दर टायमाला हेच. मागच्या टायमाला ती म्हनली, तुमी तरी खोटं बोलू नका. मालक माझ्या शेजारी बसलेलं हुतं, फोनमधलं ऐकू येत हुतं त्यांला. उठलं, आरशाम्होरं गेलं आन् वस्तऱ्यानं मिशी काढून टाकली. मी म्हनले, हे काय केलं? तर म्हनलं, त्या फोटोतला मी न्हाई आता. आन् वेबसाईटीवर मिशी हायेच की.

बघा तुमच्या मोबाईलात, आमचं नाव घाला आन् तिसगाव घाला. लागली? लगीच लागती, त्याच्यात काय खोट न्हाई. हे बघा कसे हसत्यात. मीच हसवलं ओ ह्यांला, मीच मागनं बोलले. त्या पोराचं देव भलं करो, त्याचा हात परत चालावा, त्यानं उजव्या हातानं एक घास खावा, येवढंच मी रोज मागते, माझ्या दत्तूच्या आदी त्याचं मागते. पन देवाकडं बी पासवर्ड नसंल. तुमच्याच्यानं बी न्हाई हुनार का? डोळं नका खाली घालू ताई, म्हाईत हुतं मला, तरी इचारलं. आज तिचा फोन यायचा दिस हाय, सांज हुतच आलीया. आता तिला काय सांगू, तेवढं तरी मला सांगून जा.